शहरासाठी धरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना संपत आला की तलावांची टक्केवारी रोज बातम्यांत येते आणि तिच्या मागोमाग हे प्रश्न येतात. जुलैत धरणं भरली की प्रश्न बदलतात, थांबत मात्र नाहीत. तेच इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक मुंबईची आहेत, कारण दीडशेहून जास्त वर्षं एकामागून एक धरणं बांधत गेलेलं असं दुसरं शहर आपल्याकडे नाही. जी गोष्ट पुण्यावाचून सांगता येत नाही, तिथे पुणे आलं आहे.

१. धरण, जलाशय, तलाव, सेवा जलाशय: यांत फरक काय?

नदी अडवणारी भिंत म्हणजे धरण आणि तिच्या मागे साचतो तो जलाशय. मुंबईत त्यालाच सगळे तलाव म्हणतात, पण शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी एकही नैसर्गिक नाही. सेवा जलाशयाचा प्रकार वेगळा. शुद्ध केलेलं पाणी घरोघरी सोडण्याआधी ज्या झाकलेल्या टाकीत ठेवतात, तो सेवा जलाशय. मलबार हिलला हँगिंग गार्डनच्या खाली आहे तो असाच. पुढची उत्तरं धरणाबद्दल आणि त्यामागच्या साठ्याबद्दल आहेत.

२. मुंबईच्या सात तलावांत एकूण किती पाणी मावतं? ते किती दिवस पुरतं?

सातही तलाव काठोकाठ भरले तर वापरता येण्याजोगं पाणी होतं १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातसाचं ७,१७,०३७. मग ऊर्ध्व वैतरणा २,२७,०४७, मध्य वैतरणा १,९३,५३०, तानसा १,४५,०८०, मोडकसागर १,२८,९२५, विहार २७,६९८ आणि तुळशी ८,०४६.

शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी जातं. भागून बघा: ३७१ दिवस.

बाकी सगळी उत्तरं या एका भागाकारावर उभी आहेत. मुंबईचा साठा एका वर्षाचा आहे. वर्षातून एकदाच होणारा पगार आणि शिल्लक शून्य, अशी ही अवस्था. एक पावसाळा बरा गेला तर वर्ष निभतं. लागोपाठ दोन वाईट गेले तर मागच्या वर्षाचं उरलेलं काही हाताशी नसतं. म्हणून दरवर्षी १ ऑक्टोबरला महापालिका साठा मोजते आणि पुढच्या ३१ जुलैपर्यंतचा हिशेब मांडते. त्या दिवशी तूट दिसली तर कपातीची चर्चा ऐन दिवाळीच्या तोंडावर सुरू होते.

३. टीएमसी, दशलक्ष लिटर, क्युसेक यांचा मेळ कसा घालायचा?

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एक टीएमसी = २८,३१७ दशलक्ष लिटर. त्या मापाने मुंबईचे सातही तलाव मिळून जेमतेम ५१ टीएमसी होतात. एकट्या कोयनेची क्षमता १०५ टीएमसी आहे, म्हणजे सगळी मुंबई कोयनेच्या निम्म्यात बसते.

क्युसेक हे साठ्याचं नव्हे, वाहण्याचं माप आहे: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. 'धरणातून हजार क्युसेक विसर्ग' ऐकलं की दिवसाला साधारण २,४४७ दशलक्ष लिटर असं धरा. आणखी एक सोपं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १० लाख लिटर, म्हणजे बरोबर एक दशलक्ष लिटर पाणी होतं. पाणलोट क्षेत्र माहीत असलं की धरणात किती येऊ शकेल याचा ढोबळ अंदाज तुम्हीही बांधू शकता. मात्र पडलेलं सगळं वाहत येत नाही. पहिले काही पाऊस तापलेली जमीनच पिऊन टाकते.

४. शहरासाठी धरण किती मोठं हवं, हे कसं ठरवतात?

उलट्या दिशेने, नळापासून. समजा दहा लाख वस्तीचं शहर आहे. माणशी दिवसाला १५० लिटर धरलं (लहान शहरांसाठी १३५ धरतात) तर रोजचे १५० दशलक्ष लिटर झाले. वाटेत १५ टक्के हरवतात असं मानलं तर धरणातून १७६ सोडावे लागतील. ऑक्टोबर ते जुलै ३०४ दिवसांचे होतात साधारण ५३,५०० दशलक्ष लिटर.

हे झालं प्यायचं. आता उन्हाने प्यायचं. या दहा महिन्यांत जलाशयाच्या पृष्ठभागावरून दीड मीटर उंचीचं पाणी सहज उडून जातं. पाण्याचा पसारा पाच चौरस किलोमीटर असेल तर ते झालं ७,५०० दशलक्ष लिटर, म्हणजे त्या शहराचं सहा आठवड्यांचं पाणी. यासाठीच पसरट आणि उथळ जागेपेक्षा अरुंद आणि खोल जागा बरी. त्यात मृतसाठा मिळवा (प्रश्न १४), नदीच्या खालच्या गावांसाठी सोडायचं पाणी मिळवा.

मग खरी परीक्षा. त्या नदीच्या मागच्या तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी घेतात आणि प्रत्येक वर्ष या धरणातून जाऊ देतात, अर्थात कागदावर. सिंचनाच्या धरणाला चारपैकी तीन वर्षं भरलं तरी चालतं. पिण्याच्या पाण्याला ती सवलत नाही, तिथे जवळजवळ दरवर्षी भरण्याची खात्री लागते. म्हणून सरासरी पावसावर शहराचं धरण कधी आखत नाहीत, वाईट वर्षावर आखतात. 'सरासरी पाऊस तर भरपूर आहे' असं सांगणाऱ्या अहवालाचं पुढचं पान मी आधी उघडतो.

५. पन्नास वर्षांनंतरची लोकसंख्या आज कशी कळणार? अंदाज चुकला तर?

चुकतोच. धरणासाठी पुढची ५० वर्षं धरतात, पंपांसाठी त्याहून खूप कमी, कारण पंप बदलता येतो आणि धरण बदलता येत नाही.

मुंबईचं पहिलं धरण, विहार, हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या आराखड्यावरून १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६० मध्ये पुरं झालं. तोवर शहर विहिरी आणि आडतळ्यांवर होतं. पाठोपाठ अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, माणसं लोटली आणि १८६४ च्या शिरगणतीत आकडा आठ लाखांच्या पार गेला. विहार नवं असतानाच अपुरं ठरलं. तुळशी आलं १८७९ मध्ये, तानसा १८९२ मध्ये, मोडकसागर १९५७ मध्ये, ऊर्ध्व वैतरणा १९७३ मध्ये, भातसा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आणि मध्य वैतरणा २०१४ मध्ये. प्रत्येक वेळी सांगितलं गेलं की आता निर्धास्त राहा.

यावर उपाय म्हणजे टप्प्याने बांधणं. तानसाची उंची नंतर वाढवत नेली, कारण भिंत त्या बेताने घातली होती. पाया पहिल्याच दिवशी मोठ्या उंचीसाठी घातला नसेल तर नंतर वरून चार मीटर चढवता येत नाहीत.

६. मुंबईत एवढा पाऊस पडतो. मग धरण शंभर किलोमीटर लांब का?

पाऊस आहे, पण साठवायला खोरं नाही. शहराच्या हद्दीत डोंगर आहेत ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे, आणि विहार-तुळशी तिथेच आहेत. दोन्ही मिळून पाणी किती? नऊ दिवसांचं. मोठी नदी, मोठं खोरं आणि सह्याद्रीचा उतार हवा असेल तर शहापूर, मोखाडा, इगतपुरीकडे जावंच लागतं.

लांब जाण्याचा एक फायदा उंचीचा. मोडकसागर भरलं की पातळी महापालिकेच्या मापाने १६३.१५ मीटर असते, तानसाची १२८.६३ मीटर. तिथून पाणी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत उताराने, पंपाशिवाय येतं. विजेचं बिल वाचतं आणि वीज गेली तरी पाणी येत राहतं. भातसाचं तसं नाही: ते नदीत सोडतात, खाली पिसे येथे बंधाऱ्यावर अडवतात आणि पंपाने उचलतात. त्यामुळे पिशाच्या बंधाऱ्यात किंवा वीजपुरवठ्यात बिघाड झाला की भातसा भरलेलं असूनही शहरात कपात होते.

७. धरणाची जागा नक्की कशी निवडतात?

नकाशावर सोपं दिसतं: नदी दोन टेकड्यांमधून निघते ती अरुंद घळ शोधा, तिच्या मागे खोरं रुंद असलं पाहिजे. खरं काम त्यानंतर सुरू होतं, जमिनीखाली.

घळीत दोन्ही तीरांवर आणि नदीपात्रात यंत्राने भोकं पाडतात आणि आतून दगडाचे दंडगोल तुकडे काढतात. ते लाकडी पेट्यांत खोलीच्या क्रमाने मांडून ठेवलेले असतात, प्रत्येकावर रंगाने मीटर लिहिलेले. आपल्याकडे ते बहुतेक काळ्या बेसॉल्टचे, लाव्हाच्या थरांवर थर. सलग हातभर लांबीचा तुकडा निघाला की भूवैज्ञानिक खूश. पण दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी लाल मातीसारखा पट्टा लागतो. बोटाने दाबला तर कुस्करतो, पाण्यात टाकला तर विरघळायला लागतो. हातभर जाडीचा असा पट्टा पायाखाली सापडला की एकतर तो खोदून काढायचा नाहीतर धरण सरकवायचं. पेटीतला एखादा तुकडा 'गहाळ' असेल तर तिथे दगड नव्हता, भुगा होता आणि तो पाण्याबरोबर वाहून गेला, असं समजायचं.

८. धरण मातीचं, दगडी की काँक्रीटचं, हे कोण ठरवतं?

मुख्यतः पाया आणि जवळ काय मिळतं ते. दगड खूप खोल असेल, खोरं रुंद असेल तर मातीचं: मध्ये पाणी न झिरपू देणाऱ्या चिकणमातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरमाचं कवच, पाण्याकडे दगडांचं अस्तर (पिचिंग). जायकवाडी तसं आहे, जवळपास दहा किलोमीटर लांब. पक्का दगड वरच असेल तर स्वतःच्या वजनावर पाणी तोलणारी दगडी किंवा काँक्रीटची भिंत. तानसा दगडी आहे आणि अडीच किलोमीटरहून लांब; त्या काळी मजुरी स्वस्त होती. आज इतके पाथरवट कुठून आणणार? एकाच धरणात मध्ये काँक्रीटचा सांडवा (जास्तीचं पाणी सोडून देणारा भाग) आणि दोन्ही बाजूंना माती, असंही पुष्कळ ठिकाणी असतं.

मातीच्या धरणाची एक गोष्ट मात्र विसरू नये. काँक्रीटवरून पाणी गेलं तर बहुतेक वेळा निभावतं. मातीवरून गेलं की संपलं.

९. मध्य वैतरणा इतक्या लवकर कसं बांधून झालं? ते रोलर काँक्रीट म्हणजे काय?

मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ वैतरणेवर १०२ मीटर उंचीचं हे धरण आहे. नेहमीचं काँक्रीट ओतलं की सिमेंटमुळे आत उष्णता तयार होते. शंभर मीटरच्या भिंतीत ती अडकली तर तडे जातात. म्हणून पूर्वी ठोकळ्या-ठोकळ्यांनी, थांबून थांबून ओतत. रोलर काँक्रीटमध्ये पाणी आणि सिमेंट कमी, कोळशाची राख भरपूर असते. मिश्रण ओलसर मातीइतकं कोरडं असतं. डंपरने टाकायचं, डोझरने साधारण फूटभर थरात पसरायचं आणि रस्त्यासारखा रोलर फिरवायचा. थर घट्ट बसला की लगेच वर दुसरा. भारतात हे तंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं ते आपल्याच घाटघरला.

पण 'लवकर' म्हणताना फक्त काँक्रीटचा काळ मोजू नका. प्रश्न १६ पाहा.

१०. सांडवा एवढा मोठा का ठेवतात? तेवढा पूर तर कधी येतच नाही.

येत नाही म्हणूनच धरण उभं आहे असं लोकांना वाटतं. सहा कोटी घनमीटरहून जास्त साठा किंवा तीस मीटरहून जास्त पाण्याची उंची असेल तर सांडवा 'जास्तीत जास्त संभाव्य पुरा'साठी आखावा, असं भारतीय मानक सांगतं. त्या भागात निसर्ग जास्तीत जास्त किती ओतू शकेल याचा तो अंदाज असतो. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर लहान धरणांना चालतो. मोठ्या धरणाखाली गावं असतात, शहर असतं. तिथे शंभरातून एक ही जोखीम फार मोठी.

११. पानशेत का फुटलं? त्यातून शहराच्या पाण्याबद्दल काय कळतं?

१२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं पानशेत हे मातीचं धरण पुरं झालेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी अडलं. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर काढणारा मार्ग, म्हणजे विमोचक, अर्धवट होता आणि त्याच्या छताच्या काँक्रीटमध्ये सळई नव्हती. पाणी जोरात घुसल्यावर तो आतून ढासळला आणि वरची माती खचत गेली. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूच्या पोत्यांनी खचलेला भाग उचलून धरला. सकाळी धरण फुटलं. त्यांनी मिळवून दिलेल्या तासांमुळे पूर रात्री न येता दिवसा आला. त्यामुळे किती जीव वाचले याचा हिशेब कोणी मांडू शकत नाही.

लोकांच्या लक्षात पूर राहिला, नदीकाठच्या पेठा राहिल्या, नंतर वसवलेलं लोकमान्यनगर आणि गोखलेनगर राहिलं. इंजिनिअरांनी लक्षात ठेवायची गोष्ट दुसरी आहे. पानशेतचं पाणी खाली खडकवासल्यात शिरलं आणि एकोणिसाव्या शतकातलं ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटलं. पुण्याच्या नळाचं पाणी खडकवासल्यातूनच येत होतं. पूर ओसरला आणि शहर कोरडं पडलं. जुने आड आणि विहिरी पुन्हा उपसाव्या लागल्या. एका नदीवर एकाखाली एक धरणं बांधली की वरच्याची चूक खालच्याला भोगावी लागते. आज वैतरणेवरही अशी तीन धरणं आहेत.

दुसरं म्हणजे अर्धवट धरणात पाणी अडवायचं नाही. उद्घाटनाची तारीख आधी ठरली असेल तरीही.

१२. धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपताना दिसलं. घाबरायचं का?

झिरपणं हा दोष नव्हे, न मोजलेलं झिरपणं हा दोष. काँक्रीटच्या आणि दगडी धरणाच्या पोटात एक बोगदा ठेवलेला असतो. जेमतेम दोन माणसं शेजारून जातील एवढा, बाराही महिने ओला, भिंतींवर चुन्याचे पांढरे ओघळ. पायाखालून वर रेटणारं पाणी या बोगद्यातल्या भोकांमधून मुद्दाम बाहेर काढतात, नाहीतर ते अख्खी भिंत उचलायला बघेल. ते गटारातून एका पत्र्यापर्यंत येतं. पत्र्याला इंग्रजी व्ही आकाराची खाच असते आणि खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजली की मिनिटाला किती लिटर ते कळतं. रोज तीच वेळ, तीच वही. आकडा जलाशयाच्या पातळीबरोबर वर-खाली होत असेल तर ठीक. पातळी तीच असताना आकडा वाढला, किंवा स्वच्छ पाणी गढूळ यायला लागलं, तर वरिष्ठांना फोन करायचा आणि वही नंतर लिहायची.

पुण्याजवळचं टेमघर हे बिघडलेलं उदाहरण. मुठा नदीवरच्या या दगडी धरणातून इतकी गळती होत होती की २०१६ मध्ये ती राज्यभर बातमी झाली. नंतर भिंतीतल्या पोकळ्यांत दाबाने सिमेंट भरावं लागलं (ग्राउटिंग). वाहून गेलेलं पाणी तिथे दुय्यम होतं. त्याबरोबर दगडांच्या सांध्यांतला चुना आणि सिमेंट जात होतं, म्हणजे भिंतीचं वजनच हळूहळू कमी होत होतं.

१३. खेकड्यांनी धरण फुटतं का?

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून माणसं वाहून गेली आणि दोष खेकड्यांवर ढकलला गेला, तेव्हापासून हा प्रश्न थट्टेने येतो. थट्टा बाजूला ठेवली तर उत्तर असं: लहान मातीच्या बांधात खेकडे, उंदीर, झाडांची मुळं वाटा करतात, हे खरं आहे. पण त्या वाटा एका रात्रीत तयार होत नाहीत. बांधाची पाहणी, झाडंझुडपं काढणं, गळतीची तक्रार आली की माणूस पाठवणं, हीच कामं त्यासाठी असतात. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने ही जबाबदारी धरणाच्या मालकावर टाकली आहे. खेकडा मालक नसतो.

१४. मृतसाठा म्हणजे घाण पाणी का? ते वापरत का नाहीत?

धरणातून पाणी बाहेर काढायचं सर्वांत खालचं दार ज्या पातळीवर असतं, त्याखालचं पाणी आपोआप बाहेर येत नाही. तो मृतसाठा. ती जागा शंभर वर्षांत येणाऱ्या गाळासाठी सोडलेली असते. पाणी विषारी नसतं, गढूळ असतं. पंप लावून काढता येतं आणि टंचाईत काढलंही जातं. उजनीच्या ११७ टीएमसीत जवळपास ६४ मृतसाठा आहे, म्हणून तिथे 'उणे तीस टक्के' असले चमत्कारिक आकडे दिसतात.

मुंबईच्या बातम्यांत येतो तो 'राखीव साठा'. तो भातसा आणि ऊर्ध्व वैतरणा या राज्य सरकारच्या धरणांतला असतो आणि सरकारची परवानगी घेऊन वापरावा लागतो.

१५. नवी धरणं कशाला? आहेत त्यांतला गाळ काढला तर?

गणित करून बघू. मुंबईचं एका दिवसाचं पाणी ३९ लाख घनमीटर. तेवढी जागा गाळ काढून तयार करायची आणि एका डंपरमध्ये दहा घनमीटर मावतात असं धरलं तर ३ लाख ९० हजार खेपा. एका दिवसाच्या पाण्यासाठी! आणि गाळ टाकायचा कुठे? गावतळी, पाझर तलाव, लहान बांध यांच्यासाठी गाळ काढणं उत्तम आहे, शेतालाही तो लागतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना त्यासाठीच आहे. मोठ्या धरणात गाळ येऊ नये म्हणून पाणलोटातलं जंगल राखणं हाच परवडणारा मार्ग.

१६. धरण बांधायला किती वर्षं लागतात?

बांधायला पाच-सहा. होकार मिळवायला पंधरा. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९४ मध्ये मुंबईसाठी मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ अशी तीन धरणं सुचवली. पहिल्याचं पाणी २०१४ मध्ये आलं. उरलेली दोन अजून झालेली नाहीत. वनजमिनीची परवानगी, अभयारण्याची परवानगी, भूसंपादन, पुनर्वसन, निधी, आणि सरकार बदललं की निर्णयही बदलणं: वेळ यात जातो. त्यातले काही अडथळे निरर्थक आहेत, काही नाहीत. कोणते नाहीत, ते पुढच्या उत्तरात.

१७. ज्यांची गावं बुडतात त्यांना पाणी मिळतं का?

'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण शहापूर तालुक्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. भातसा आणि तानसा त्याच तालुक्यात, वैतरणेची धरणं शेजारी, आणि उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर. कारण इंजिनिअरिंगचं नाही. धरणातून मुंबईपर्यंत दोन-तीन मीटर व्यासाच्या जलवाहिन्या नेण्याची तरतूद आराखड्यात असते. धरणापासून वर टेकडीवरच्या पाड्यापर्यंत चार इंची पाइप आणि एक पंप, हे आराखड्यात नसतं. खर्च एकूण प्रकल्पाच्या तुलनेत किरकोळ. माझं स्पष्ट मत असं की ही योजना धरणाच्या अंदाजपत्रकातच असावी आणि आधी ती सुरू व्हावी.

पुनर्वसनाचा गुंता जमिनीच्या कागदात आहे. पालघर-ठाण्याचा हा पट्टा बहुतांश आदिवासी. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सातबारावर वन खात्याची असते. २००६ चा वनहक्क कायदा आला, पण दावा मंजूर झाला नसेल तर बुडणाऱ्या शेताचा मोबदला कोणाला? अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला डावलून जमीन घेता येत नाही, हे कायद्यात आहे. अहवालात 'बाधित कुटुंबं' असा एक आकडा असतो. त्यात सज्ञान मुलगे, विधवा बहिणी, भूमिहीन मजूर मोजले आहेत का हे विचारा. शहरासाठी बुडणाऱ्यांचा प्रश्न जुना आहे: १९२१ साली सेनापती बापट मुळशीला सत्याग्रहाला उभे राहिले, तेव्हा धरण मुंबईच्या विजेसाठी होतं.

१८. गळती थांबवली तर गारगाई धरण लागणारच नाही, खरं का?

अर्धं खरं. वाडा तालुक्यातल्या ओगदे गावाजवळ प्रस्तावित गारगाईतून दिवसाला ४४० दशलक्ष लिटर मिळायचे आहेत, त्यासाठी तानसा अभयारण्यातली लाखो झाडं जातील. दुसरीकडे शहरात पोचलेल्या पाण्याचा निदान चौथा हिस्सा गळती आणि चोरीत जातो. चौथा हिस्सा म्हणजे ९७५ दशलक्ष लिटर. तो निम्म्यावर आणला तर गारगाईपेक्षा जास्त पाणी हाती येतं, आणि प्रश्न २ मधला भागाकार ३७१ दिवसांवरून ४२० च्या पुढे जातो.

मात्र हा सगळा आकडा जमिनीत मुरत नाही. त्यातलं बरंच पाणी बेकायदा जोडण्यांतून वस्त्यांमध्ये प्यायलंच जातं. जोडणी अधिकृत केली की महसूल मिळेल, पाणी वाचणार नाही. फुटक्या वाहिन्यांतून जाणारं तेवढं वाचेल. तरी मला विचाराल तर आधी गळती, मग धरण. गळतीच्या कामाला ना वनखात्याची परवानगी लागते ना कोणाचं गाव. फीत कापायला मात्र त्यात काही नसतं.

१९. समुद्र शेजारी असताना धरणं कशाला?

मनोरीला दिवसाला २०० दशलक्ष लिटर समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प ठरला आहे. हजार लिटरला तीन ते चार युनिट वीज धरली तर रोज सहा ते आठ लाख युनिट. मुंबईच्या एकूण गरजेच्या वीसाव्या हिश्शासाठी. वाईट वर्षाचा विमा म्हणून ठीक, नेहमीचं पाणी म्हणून महाग.

२०. धरणामुळे भूकंप होतो का?

काही ठिकाणी, होय. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जगभर यासाठी अभ्यासला जातो. धरणाच्या भिंतीला तडे गेले, ती नंतर जाड करावी लागली. भातसा भरत असताना १९८३ मध्ये त्या भागातही धक्के बसले. पाण्याच्या वजनाने आणि खडकाच्या भेगांत शिरलेल्या दाबाने आधीच ताणलेली भेग सरकते. म्हणून नव्या धरणात पाणी टप्प्याटप्प्याने चढवतात आणि भूकंपमापक आधीपासून बसवतात.

२१. पवई तलाव दरवर्षी भरून वाहतो. तो सात तलावांत का नाही?

१८९० च्या सुमारास तो पिण्यासाठीच बांधला होता. पाण्याचा दर्जा वाईट निघाला. आता ते पाणी आरे वसाहतीला आणि उद्योगांना जातं.

२२. 'तुळशी भरला, मोडकसागर ९० टक्के' अशी बातमी असते आणि तरी कपात चालूच. असं का?

टक्केवारी कोणत्या तलावाची, ते बघा. तुळशी काठोकाठ भरला म्हणजे शहराचं दोन दिवसांचं पाणी आलं. विहार म्हणजे सात दिवसांचं.

मोडकसागरचा आकडा त्याहून फसवा. ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा यांचं पाणी नदीतून खाली मोडकसागरात सोडतात आणि तिथून उचलतात. पाऊस नसतानाही मोडकसागर चढलेला दिसतो, तेव्हा तेवढंच पाणी वरच्या दोघांतून उतरलेलं असतं. एकूण साठा इंचभरही वाढलेला नसतो. उलट ऊर्ध्व वैतरणा इगतपुरीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर. तो सगळ्यांत उशिरा भरतो आणि ऑगस्टमध्ये तो अर्धा दिसला म्हणून लगेच घाबरण्याचं कारण नाही.

बघायचे ते दोनच आकडे: भातसाचा, कारण निम्मं पाणी तिथे आहे, आणि सातही तलावांची बेरीज दशलक्ष लिटरमध्ये. तिला ३,९०० ने भागा.